गोष्ट दोन प्रसंगांच्या मध्ये नको, प्रसंगाच्या आत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढांसाठीच्या सिनेमावर जे काही छापून येतं ते बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरतं: किती दाखवलं, आणि दाखवायला हवं होतं का. कसं सांगितलं, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: ‘असल्या सिनेमात गोष्ट कोण बघतं? दोन सीनच्या मध्ये घातलेला पुठ्ठा तो.’ आम्ही दोघं एक पटकथेच्या टोकाला आणि एक संकलनाच्या टोकाला काम करतो, आणि आम्हाला हे उत्तर अर्धं मान्य आहे. दोन सीनच्या मध्ये कोंबलेली गोष्ट पुठ्ठाच असते. पण त्यात दोष गोष्टीचा नसून तिला बसवलेल्या जागेचा आहे.

प्रौढ सिनेमा म्हणजे ज्यात माणसांमधली शारीरिक जवळीक तोंडी लावण्यापुरती नसून तोच विषय आहे, असा सिनेमा. मग तो सूचक असो की उघड. पात्रं प्रौढ, कलाकार प्रौढ, आणि जे काही चाललंय ते कलाकारांच्या संमतीने. याबाहेर जे काही असतं तो गुन्हा आहे आणि या पत्राचा विषय नाही.

शृंगाराला गोष्ट लागते, हे आपल्या भाषेला नवं नाही. ‘गाथासप्तशती’ या जुन्या माहाराष्ट्री प्राकृत काव्यसंग्रहातली ती प्रसिद्ध गाथा घ्या. दारात मुक्कामाला आलेला वाटसरू, आणि घरातली तरुण बाई त्याला दिवसाउजेडी दाखवून ठेवते: इथे सासू झोपते, इथे मी झोपते, तुला रातांधळेपण आहे, तेव्हा रात्री चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. दोन ओळींत घर, माणसं, जागा, वेळ, धोका आणि बोलावणं, सगळं आलं, आणि तेही ‘येऊ नकोस’ म्हणत. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात वरवर निषेध आणि आतून होकार याचं उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. अंगाला अंग लागलेलं नाही, तरी वाचणाऱ्याचा श्वास अडकतो, कारण सासू तिथे झोपलेली आहे. सासू काढून टाका, उरतो फक्त पत्ता.

नाट्यशास्त्रात तर याची यादीच आहे. रती म्हणजे प्रेमाची मूळ भावना; तिचा शृंगार रस व्हायला समोरचं माणूस लागतं, भोवतीची परिस्थिती लागते, शरीरावर उमटणाऱ्या खुणा लागतात आणि येत-जात राहणारे भाव लागतात: लाज, शंका, उत्सुकता, असूया. असे व्यभिचारी भाव भरताने एकूण ३३ मोजले आणि शृंगारात त्यातले जवळपास सगळे चालतील म्हटलं. वर्ज्य तीनच: आलस्य, औग्र्य आणि जुगुप्सा. बाजारातला वाईट प्रौढ सिनेमा नेमका या तिघांवर चालतो. कॅमेरा आळशी, वागणं उग्र, आणि बघून झाल्यावर वाटते ती किळस.

गोष्ट या सिनेमातून निघून का गेली, याचं कारण लोकांच्या चवीपेक्षा प्रेक्षकाच्या हातात काय होतं यात सापडतं. पीप-शोच्या खोक्यात आठ मिलिमीटरची लूप, म्हणजे टोकं जोडलेली छोटी फिल्म, फिरायची. नाणं टाकलं की चालू, वेळ संपला की बंद, आणि पुढच्याच्या नाण्यावर ती थांबली होती तिथून पुढे. ज्या फिल्मला सुरुवात कुठे हे बघणाऱ्याला कधी कळणारच नाही, तिच्यात गोष्ट लिहिणार कोण? मग १९७२च्या सुमारास अमेरिकेत पूर्ण लांबीचे असे सिनेमे नेहमीच्या चित्रपटगृहांत लागू लागले. तिथे प्रेक्षक तिकीट काढून, अनोळखी माणसांच्या शेजारी, तासा-दीड तासासाठी बसायचा. इतका वेळ खुर्चीत बसवून ठेवायला गोष्ट लागतेच. रॅडली मेट्झगर या दिग्दर्शकाने ‘हेन्री पॅरिस’ हे टोपणनाव घेऊन १९७६ साली जो सिनेमा केला, त्याचा सांगाडा बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियनचा होता. म्हणजे ज्या नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ बेतलं तेच! भाषेच्या जागी कामकला शिकवायची, एवढाच बदल. पण शिकवणाऱ्याची घमेंड आणि शिकणारीचं त्याच्या पुढे निघून जाणं जागच्या जागी होतं, म्हणून त्यातला प्रत्येक प्रसंग एक धडा होता आणि प्रत्येक धड्याला निकाल होता.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि हातात रिमोट आला. फास्ट फॉरवर्डच्या बटणाने दोन प्रसंगांमधली गोष्ट उडवता येऊ लागली. निर्मात्यांनी हिशेब केला: जे उडवलं जातं ते शूट कशाला करायचं? १९८९च्या सुमारास कॅमेरा हातात घेऊन स्वतःच प्रसंगात उतरण्याची ‘गॉन्झो’ पद्धत रुजली. तिने गोष्टीचा काटा काढला, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. कॅमेरा धरणाऱ्याला चेहरा नसतो, म्हणजे त्याचा प्रतिक्रियेचा शॉट नसतो. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हने दाखवलेली गोष्ट सिनेमाचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या महिन्यात शिकतो: चेहरा, मग वस्तू, मग पुन्हा चेहरा, आणि अर्थ बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. यातला चेहराच काढला तर उरते वस्तू. समोरचं माणूसही वस्तू होतं ते याच वाटेने. आता रिमोटच्या जागी बोट आहे, आणि ते टाइमलाइनवर सरकत असतं.

उलट दिशेचेही लोक होते. कँडिडा रॉयाल ही आधी स्वतः अशा सिनेमांतून काम केलेली बाई. तिने १९८४ मध्ये ‘फेम प्रॉडक्शन्स’ काढली ती बाईच्या बाजूने सांगितलेल्या गोष्टींसाठी, आणि ठरावीक जागी येणारा पुरुषाच्या स्खलनाचा ठरावीक ‘शेवटचा शॉट’ तिने मुद्दाम गाळला. बार्सिलोनात काम करणारी एरिका लस्ट २०१३ पासून प्रेक्षकांनी लिहून पाठवलेल्या कबुल्यांवर छोट्या फिल्म्स करते आहे.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण जपानचं. निक्कात्सु हा जुना स्टुडिओ डबघाईला आला, तेव्हा १९७१च्या नोव्हेंबरात त्याने ‘रोमन पोर्नो’ नावाची मालिका सुरू केली, ती १९८८ पर्यंत चालली. अटी मोजक्या: लांबी सव्वा तासाच्या आत, दर दहा मिनिटांना एखादं प्रणयदृश्य, चित्रीकरण आठवड्याभरात. बाकी दिग्दर्शकाला मोकळीक. शिवाय जपानच्या दंडसंहितेच्या अश्लीलतेबद्दलच्या १७५व्या कलमामुळे गुप्तांगं दाखवायची सोय नव्हती. मग चौकटीत पुढे काचेचं भांडं ठेव, छत्री ठेव, अर्धवट सरकलेलं दार ठेव, असं करता करता त्या वस्तूच पात्रांबद्दल बोलायला लागल्या. त्यातल्या काही सिनेमांना समीक्षकांनी त्या वर्षीच्या उत्तम सिनेमांच्या यादीत बसवलं. स्टुडिओबाहेर स्वस्तात बनणाऱ्या ‘पिंक’ सिनेमांतून तयार झालेल्या योजिरो ताकिता या दिग्दर्शकाच्या सिनेमाला पुढे २००९ साली सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दर दहा मिनिटांची सक्ती असूनही गोष्ट मरत नाही, हे तिथे सिद्ध झालं. कारण दहा मिनिटांनी येणाऱ्या त्या प्रसंगातच गोष्ट पुढे सरकवायची, हे तिथल्या चांगल्या दिग्दर्शकांनी ओळखलं होतं.

आता प्रत्यक्ष काम. जगभर चेष्टेचा विषय झालेला साचा घेऊ: नळ गळतोय, दुरुस्तीवाला येतो, दोन वाक्यं होतात, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक. हा प्रसंग फसतो तो नळामुळे नव्हे. दोघांपैकी एकालाही काही हवं नाही, काही गमवायचं नाही आणि काही लपवायचं नाही, म्हणून फसतो. तोच नळ, तीच दोन माणसं, तीच खोली ठेवून दुरुस्त करता येईल. तो दुसऱ्यांदा आलाय. आठ दिवसांपूर्वी त्याने हाच नळ नीट करून दिला होता. तो वाकून बघतो आणि त्याला नटावर ताजे ओरखडे दिसतात. कुणीतरी पाना नीट न बसवता जोर लावून नट सैल केलाय. त्याचा पाना असा घसरत नाही. त्याला कळतं, आणि तो काही बोलत नाही. ती दाराच्या चौकटीत उभी आहे. त्याला कळलंय हे तिला अजून कळलेलं नाही. तो नवा वॉशर बसवतो, नट आवळतो, नळ सोडून बघतो, बंद करतो. थेंब पडत नाही. मग जुना वॉशर तो टाकून न देता तिच्या तळहातावर ठेवतो. वॉशर जुना नाहीच, आठ दिवसांचा आहे, कोरा आहे. आता तिलाही कळतं.

यात संवाद दोनच लागतात आणि त्यातला एकही सूचक नको. ‘परत गळला तर?’ ‘तर मला सांगायचं.’ बस. इथून पुढे ते हसतील, निघून जातील की जवळ येतील, याची वाट बघणारा प्रेक्षक टाइमलाइनवर बोट ठेवत नाही. शॉट लागतात सहा: वाकलेला तो, नटाचा क्लोजअप, त्याचा चेहरा, चौकटीतली ती, तळहात आणि वॉशर, तिचा चेहरा. यातला नटाचा क्लोजअप घ्यायचा राहिला तर उरलेले पाच वाया. आणि तो राहतो, कारण घाईच्या दिवशी ‘वस्तूंचे शॉट नंतर घेऊ’ असं ठरतं आणि ते नंतर कधी येत नाही. वस्तूचा शॉट त्याच दिव्यांत, त्याच वेळी उरकावा.

पटकथेत सगळ्यात महाग पडणारी ओळ म्हणजे ‘दोघं जवळ येतात. प्रणय.’ एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा धंद्यातला ढोबळ हिशेब. ही ओळ पानाचा विसावा भाग घेते आणि पडद्यावर सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत काय व्हायचं हे लेखकाने लिहिलेलं नाही, म्हणून ते सेटवर ठरतं, आणि सेटवर घाईत ठरणारं सगळं याआधी कुठेतरी पाहिलेलं असतं. सहा मिनिटांच्या प्रसंगाला आठ ते दहा टप्पे लिहावेत आणि प्रत्येक टप्प्यात डोळ्यांना दिसेल असं एक क्रियापद असावं. पहिल्यांदा कोण हात पुढे करतं, कोण थांबतं, कशामुळे, थांबल्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय येतं, पुन्हा सुरुवात कोण करतं. आसनांचं वर्णन लिहिलं नाही तरी चालेल. निर्णय लिहायला हवेत.

७५ मिनिटांच्या सिनेमात असे प्रसंग चार पुरतात. प्रत्येकी सहा-सात मिनिटं धरली तर सव्वीसेक मिनिटं होतात, म्हणजे एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. पहिला पंधराव्या मिनिटाच्या आत आणू नये. कुणाला काय हवंय हे कळायच्या आधी आलेला प्रसंग फुकट जातो आणि त्याचं दुसऱ्यांदा नवल वाटत नाही. दुसऱ्या प्रसंगात आपण पहिल्यात बघितलं त्याबद्दल शंका यावी. तिसरा प्रसंग अर्ध्यात मोडावा. निर्माते इथे हमखास अडून बसतात: ‘पैसे देऊन प्रसंग अर्धा का दाखवायचा?’ पण पूर्ण न झालेला प्रसंगच चौथ्याला ताण देतो. तो नसेल तर चौथा म्हणजे पहिल्याची नक्कल. आणि चौथ्यात शक्यतो पहिलीच खोली, तीच दोन माणसं. वेगळं काय ते फक्त त्यांचं एकमेकांबद्दलचं माहीत असणं.

तपासायच्या दोन युक्त्या आहेत, कागदावरच करून बघण्यासारख्या. एक, प्रसंग खोडून टाका आणि पुढचा सीन वाचा. एक शब्दही बदलावा लागत नसेल तर तो प्रसंग डकवलेला आहे. दोन, दुसरा आणि तिसरा प्रसंग आपापसांत बदलून बघा. सिनेमाला फरक पडत नसेल तर तुमच्याकडे गोष्ट नाही, चार फिती आहेत.

यापेक्षाही दुर्लक्षित राहतात ती प्रसंगानंतरची दोन मिनिटं. आधी कोण उठतं. चष्मा कोण शोधतं. अंगावर चादर कोण ओढतं, स्वतःच्या की दुसऱ्याच्या. कपडे घालताना पाठ करून बसतात की बोलत. माणसांचं नातं बदललं की नाही, ते इथे कळतं, आणि बहुतेक सिनेमे नेमके इथे कट करून सकाळचा सूर्य दाखवतात.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे एक खास अडचण असते, ती सांगायलाच हवी. शरीरासाठी आपल्याकडे शब्द दोनच ठिकाणी मिळतात: दवाखान्यात आणि शिवीत. मधली बोली छापायच्या भाषेत रुजलीच नाही. म्हणून संवाद एकतर पाठ्यपुस्तकासारखे होतात नाहीतर अंगावर येतात. वाट अशी की नामं टाळावीत, क्रियापदं आणि सर्वनामं वापरावीत. आणि सर्वनामांत तर मराठीसारखी श्रीमंत भाषा नाही! ‘तुम्ही’ वरून ‘तू’ वर घसरणं हा आपल्याकडे अख्खा प्रसंग होऊ शकतो. प्रसंगाच्या मध्यावर एकदाच, चुकून निघालेला ‘तू’, त्यावर समोरच्याचं थबकणं, आणि सकाळी पुन्हा आलेला ‘तुम्ही’. याला दिवे, संगीत, नग्नता काहीच लागत नाही. परभाषेतून संवाद उचलणाऱ्यांच्या हातून ही जागा निसटते, कारण मूळ इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असतो.

चित्रीकरणात गोष्ट कुठे गळते ते आता. पहिली चूक वेळापत्रकात होते. जागा पहिल्याच दिवशी मिळाली म्हणून शयनगृहाचा प्रसंग पहिल्या दिवशी उरकतात. कलाकारांची ओळख तासाभराची असते आणि पडद्यावर ते दहा वर्षांचं लग्न दाखवत असतात. पाच दिवसांचं काम असेल तर पहिले दोन दिवस संवादाचे सीन घ्यावेत, तिसऱ्यापासून दिवसाला एकच जवळिकीचा प्रसंग, तोही सकाळच्या सत्रात. सहा मिनिटांच्या प्रसंगाला चार ते पाच तास धरावेत. आधी पूर्ण कपड्यांत, नाच बसवतात तसा मोजून सराव. सेटवर दिग्दर्शक, कॅमेरा, फोकस, आवाज, कपडेपट आणि इंटिमसी कोऑर्डिनेटर (जवळिकीचे प्रसंग कलाकारांच्या संमतीने बसवणारी व्यक्ती) एवढीच माणसं; बाहेरचे मॉनिटर बंद.

दुसरी गळती अक्षरेषेची. बसून बोलणाऱ्या दोन माणसांमध्ये कॅमेऱ्याने कुठली रेषा ओलांडायची नाही हे नवख्यालाही माहीत असतं. पण माणसं आडवी झाली आणि कुशीवर वळली की ती रेषाच फिरते. मग एका शॉटमध्ये डावीकडे असलेली ती पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे दिसते आणि दोन सेकंद प्रेक्षक कोण कुठे याचा शोध घेत बसतो. त्या दोन सेकंदांत भाव मेला. उपाय दोन: वळण एकाच अखंड शॉटमध्ये दाखवा, नाहीतर बरोबर वरून घेतलेला शॉट मध्ये टाकून रेषा नव्याने बसवा.

तिसरी, कंटिन्युइटी. इथे तिचा अर्थ फार साधा आहे: कितवं बटण उघडं, केस कुठल्या खांद्यावर, घड्याळ हातात की उशाशी. प्रत्येक टेकच्या शेवटी फोटो काढावा, कारण संकलनात हा प्रसंग मधून कापावा लागणारच आहे आणि कापलं की बंद झालेली बटणं उघडी पडतात. म्हणून लिहितानाच प्रसंगात तीन जागा अशा ठेवाव्यात जिथून चोख बाहेर पडता येईल: दिवा मालवणारा हात, खिडकीकडे गेलेली नजर, पायाशी पडलेलं काहीतरी. दिवेही सगळीकडून सारखे लावू नयेत. सगळं दिसावं म्हणून खोली पांढरीफटक केली की वेळ, जागा आणि ऋतू तिन्ही पुसले जातात. उजेडाला एक उगम हवा, मग तो खिडकी असो की दाराखालची फट.

आवाजाकडे तर कुणी बघतच नाही. कपडे नाहीत म्हटल्यावर कपड्यांना अडकवायचा लॅपल माइक लावायला जागा नसते, आणि कॅमेऱ्याची चौकट मोठी असेल तर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, जवळ आणता येत नाही. म्हणून पलंगाच्या डोक्याच्या फळीमागे एक छोटा माइक लपवून बसवावा. नवीकोरी कांजीची चादर कागदासारखी वाजते. दोनदा धुतलेली सुती चादर घ्यावी. प्रसंग संपल्यावर, सगळी माणसं खोलीत असतानाच, एक मिनिट खोलीची नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. रिकाम्या खोलीतली शांतता वेगळी ऐकू येते आणि जोड कळतो. एवढं केलं नाही तर पुढे डबिंग आलं. डबिंगमध्ये कलाकार माइकसमोर ताठ उभा राहून धापा टाकतो. आडव्या माणसाचा श्वास तसा नसतो, आणि कान हे लगेच पकडतात. डबिंग करावंच लागलं तर आडवं पडून करावं. आणि त्यावर सलग संगीत ओतू नये. थेंब न पडणाऱ्या नळाची शांतता त्या प्रसंगात कुठल्याही सॅक्सोफोनपेक्षा जास्त बोलते.

संकलनात पहिला कट संगीताशिवाय लावावा. एकदा आवाज बंद करून बघावा, एकदा चित्र बंद करून ऐकावा. कट शरीराच्या हालचालीवर न करता नजरेवर करावा: आधी तिने बघितलं, मग काय बघितलं ते. प्रतिक्रियेचे चेहरे कमी पडतातच. ते टेकच्या कडांना शोधावेत, ‘अॅक्शन’ म्हणायच्या आधीची आणि ‘कट’ म्हटल्यानंतरची काही सेकंदं. तिथे कलाकार अभिनय करत नसतो, नुसता असतो, आणि कित्येकदा सगळ्या प्रसंगातली खरी नजर तिथेच सापडते. मात्र ती वापरायची तर कलाकाराला दाखवून, विचारून. तीच हालचाल, तोच कोन, नवी माहिती काही नाही, असं दहा सेकंद चाललं की प्रेक्षकाचं बोट हलतं. आणि संपूर्ण सिनेमाचे तुकडे करून विकले जाणार हे आधीच माहीत असेल, तर गोष्ट प्रसंगाच्या आत ठेवण्याला व्यवहाराचंही कारण मिळतं: मधला पुठ्ठा कापला जातो, पण वॉशर तुकड्याबरोबर जातो.

राहता राहिला संमतीचा विषय, आणि त्याचा पटकथेशी थेट संबंध आहे. ‘नैसर्गिक वाटावं म्हणून आम्ही काही ठरवलंच नाही’ असं कौतुकाने सांगणाऱ्या दिग्दर्शकांपासून जपून राहावं. न ठरवलेल्या प्रसंगात कलाकाराला नाही म्हणायला जागाच उरत नाही, कारण नाही कशाला म्हणायचं हे लिहिलेलं नसतं. टप्पे लिहिलेले असले की काय होणार, काय होणार नाही, कॅमेरा काय बघणार, याची यादी करता येते. ती किमान ४८ तास आधी कलाकाराच्या हातात पडावी, आणि सेटवर त्यात भर घालायची नाही, वजाबाकी मात्र केव्हाही करता येईल. एचबीओने २०१८ मध्ये इंटिमसी कोऑर्डिनेटर नेमायला सुरुवात केली ती एका मालिकेपासून, आणि ती मालिका न्यूयॉर्कच्या पॉर्न धंद्यावरच होती. अमेरिकन कलाकारांच्या संघटनेने, सॅग-आफ्ट्राने, या कामाची नियमावली २०२० साली काढली. पडद्यावरही हेच लागू: कुणी विचारलं, कुणी होकार दिला, कशाने दिला, हे प्रसंगात दिसलं की तो होकार गोष्टीचा भाग होतो. वॉशर तळहातावर ठेवून तो दोन पावलं मागे सरकतो, पेटी उचलतो आणि थांबतो. पुढचं पाऊल तिचं.

आपल्या पुरवणीकडे एवढीच मागणी आहे. अशा सिनेमाचं परीक्षण छापताना ‘बोल्ड दृश्यांची रेलचेल’ हे वाक्य पुढचं वर्षभर रजेवर पाठवावं, आणि त्या जागी परीक्षकाने तीन ओळी लिहाव्यात: कोणता प्रसंग, त्याच्या आधी त्या दोघांना एकमेकांबद्दल काय माहीत नव्हतं, आणि नंतर काय माहीत झालं. तीन ओळी भरत नसतील तर तसं छापावं.

आपले,
एक पटकथालेखक आणि एक संकलक